ॲप बदलले, नोंदीचा अर्थ कोण सांभाळणार?

शेतकरी ओळख क्रमांकावरचा वाद मी गेले वर्षभर ऐकतो आहे. सेवा केंद्रासमोरच्या रांगेत ऐकला, सोसायटीच्या सभेत ऐकला, घरच्या ताटावरही झाला. एक बाजू म्हणते, क्रमांक आला की दलाल गेला, योजनेचे पैसे थेट खात्यात येणार, याला विरोध करणारा शेतकऱ्याचा वैरी. दुसरी बाजू म्हणते, आधार झाले, केवायसी झाली, आता हे आणखी एक लचांड. त्यापेक्षा तलाठ्याचा हातचा उतारा बरा होता. दोघेही क्रमांकाबद्दल भांडतात. तो क्रमांक ज्या नोंदीवर उभा आहे, त्या सातबाऱ्याच्या नोंदीबद्दल दोघेही गप्प आहेत. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. महसूल खात्याची खरी अडचण सॉफ्टवेअरची नाही. आपल्याकडच्या कोणत्या नोंदीचा नेमका अर्थ काय, ती बरोबर असल्याची हमी कोणत्या पदाची, आणि ती चुकली तर दुरुस्ती कोणत्या वाटेने मुळापर्यंत पोचायची, हे आज शेतकऱ्याला, किंबहुना खात्यात नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्यालाही, एका जागी वाचायला मिळत नाही. जमीन महसूल संहितेत थोडे आहे, परिपत्रकांत थोडे आहे, उरलेले जुन्या माणसांच्या डोक्यात आहे. ते आधी लिहून काढा, गावापुढे वाचा, आणि मगच पुढचे ॲप आणा.

सातबारा हा एकच कागद वाटतो, पण तो दोन नोंदवह्यांचा जोड आहे. गाव नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कुणाच्या नावे, त्यावर कुणाचे इतर हक्क. गाव नमुना 12 म्हणजे पिकांची नोंदवही. नमुना 7 वरचे प्रत्येक नाव कुठून आले ते नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत सापडते. एका खातेदाराची गावातली सगळी जमीन 8अ वर एकत्र येते. गावपातळीवर असे 21 नमुने आहेत. दीडशेहून अधिक वर्षांच्या महसुली कामातून घडलेली ही रचना आहे, आणि तिची भाषा तिची स्वतःची आहे: पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन), आकार (जमिनीचा सारा), बोजा (जमिनीवरचे कर्ज), कंस (नोंद कमी झाल्याची खूण), अ.पा.क. (अज्ञान पालक कर्ता), ए.कु.मॅ. यातला एकही शब्द सजावटीचा नाही. प्रत्येकाच्या मागे कुणाचा तरी हक्क उभा आहे.

ए.कु.मॅ. हीच अक्षरे घ्या. एकत्र कुटुंब मॅनेजर. कर्ता पुरुष वारला की सगळ्या वारसांची नावे लावण्याऐवजी थोरल्या मुलाचे नाव लावायचे आणि पुढे ही अक्षरे लिहायची, अशी पद्धत कित्येक गावांत होती. अर्थ असा की हा एकटा मालक नाही. तो कुटुंबाच्या वतीने पाहतो. माझ्या आजोबांनंतर थोरल्या चुलत्यांचे नाव असेच लागले. हस्तलिखित उताऱ्यावर त्यांच्या नावापुढे ती अक्षरे होती, मी ती पाहिली आहेत. संगणकावरच्या उताऱ्यात चुलत्यांचे नाव आले, अक्षरे आली नाहीत. तीन आत्यांचा आणि माझ्या वडिलांचा हक्क त्या टिंबाटिंबांच्या अक्षरांत राहत होता. तो कुणीही काढून न घेता निघून गेला. टंकणाऱ्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला नावाचा रकाना भरायला बसवले होते. त्या अक्षरांचा अर्थ त्याला कुणी सांगितला होता का? त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवायचा की ती नावाचाच भाग मानायची, हे ठरवणे नेमके कुणाच्या पदाचे काम होते? आज त्याच उताऱ्यावरून ओळख क्रमांक निघतो, आणि चुलतभावाच्या क्रमांकात सगळी जमीन बसते. क्रमांक अगदी बरोबर आहे. नोंद चुकलेली आहे.

संगणकीकरणाने जे दिले ते फार मोठे आहे, हे मी आधी मान्य करतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आज 15 रुपयांत घरबसल्या मिळतो आणि तो सरकारी कामाला चालतो. पूर्वी एका उताऱ्यासाठी तलाठी सज्जावर तीन-तीन हेलपाटे पडत. भाऊसाहेब मोजणीला गेले, तहसीलला गेले, दप्तर घरी राहिले, ही उत्तरे ज्याने ऐकली आहेत त्याला त्या 15 रुपयांची किंमत कळते. फेरफार कुठे अडला आहे ते आता दिसते. पानेच्या पाने वाळवीने खाल्लेली, शाई फुटलेली, मागून एखादी ओळ घुसडलेली अशी दप्तरे होती; त्या दिवसांकडे परत जा म्हणणाऱ्याला मी साथ देणार नाही. दुसऱ्या बाजूचाही एक मुद्दा तितकाच खरा आहे. जुना तलाठी त्रास देई, पण त्याला गाव माहीत असे. रामभाऊ आणि रामचंद्र एकच, सासरच्या नावाने लागलेली सुमन हीच माहेरची शकुंतला, हे त्याच्या डोक्यात होते. यंत्र नाव जुळवते, माणूस ओळखत नाही. तेव्हा प्रश्न असा की तलाठ्याच्या डोक्यातले ज्ञान आपण नोंदीत उतरवले का? की दप्तर उचलले आणि ज्ञान तिथेच सोडून आलो?

हे नुसते शब्दांचे भांडण नाही. अर्थ न ठरवता यंत्रणा धावली की काय होते ते आपण 2017 मध्ये पाहिले. त्या वर्षी जूनमध्ये 34,022 कोटी रुपयांच्या कर्जमाफीची घोषणा झाली. योजनेचे एकक ठरले कुटुंब: पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालील मुले मिळून दीड लाखांपर्यंत माफी. न्यायाच्या दृष्टीने विचार चांगला होता, मी त्याला नावे ठेवणार नाही. पण माहिती होती बँकांकडे, आणि बँकेला कुटुंब ठाऊक नसते. बँकेला कर्जखाते ठाऊक असते. कुटुंब शिधापत्रिकेत असते, जमीन सातबाऱ्यात असते, पीककर्ज जिल्हा बँकेत असते, आणि या तिघांना बांधणारी एकही मान्य गाठ नव्हती. मग लाखो शेतकऱ्यांना नवरा-बायकोने मिळून ऑनलाइन अर्ज भरायला लावले. अर्ज एकीकडे, बँकांच्या याद्या दुसरीकडे, नावे आणि आधार क्रमांक जुळेनात. दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली गेली आणि त्यानंतर याद्या तपासणीत अडकल्या. तेव्हा सगळे खापर सॉफ्टवेअरवर फुटले. सॉफ्टवेअरने कोणते पाप केले होते? "कुटुंब" हा शब्द शासन निर्णयात एका अर्थाने होता आणि माहितीच्या साठ्यात तो मुळात नव्हताच.

त्यापुढे डिसेंबर 2019 ची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना ठेवून पाहा. एकक केले व्यक्ती. थकबाकी कोणत्या तारखेची, तर 30 सप्टेंबर 2019 ची. मर्यादा दोन लाख. अर्ज नाही. आधार जोडलेल्या खात्यांची यादी बँकांनी दिली, प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक मिळाला, यादी गावात लागली. शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन आपली रक्कम पाहायची, पटली तर अंगठा द्यायचा, नाही पटली तर तक्रार करायची. कुणी म्हणेल, 2017 च्या ठेचांमुळेच 2019 ची वाट सोपी झाली, दोन वर्षांत आधार जोडणीही वाढली होती. बरोबर आहे. योजनेत त्रुटी होत्या, नियमित फेडणाऱ्याला आपण मूर्ख ठरलो असे वाटले, तेही बरोबर. पण कामाच्या पद्धतीतला फरक डोळ्यांत भरतो: ज्याच्याकडे जी माहिती आहे तीच त्याच्याकडून मागितली, आणि पैसे सुटण्याआधी ती ज्याची आहे त्याला दाखवली.

याहून जुना धडा इंदापूरच्या मातीत आहे. पेशवाई गेल्यावर रॉबर्ट प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने 1820 च्या दशकाच्या अखेरीस दख्खनची पाहणी केली. शेताचे निव्वळ उत्पन्न काढायचे, म्हणजे पिकातून मशागतीचा सगळा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याचा हिस्सा सारा म्हणून बसवायचा, असा त्याचा अर्थशास्त्रीय आराखडा. कागदावर याहून काटेकोर काही नव्हते. पण त्यासाठी लागणारी माहिती, कुठल्या जमिनीत किती पिकते, किती बैल लागतात, किती खर्च येतो, ही खालच्या कारकुनांनी भरायची होती, आणि ती खरी की खोटी हे तपासण्याचा मार्ग वरच्याकडे नव्हता. मोजणी चुकली, प्रतवारी पैशाने फिरली, सारा जड बसला, शेते ओस पडली. 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातच काम नव्याने हाती घेतले. त्यांनी जास्त माहिती गोळा केली नाही, कमी केली. निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला, मातीच्या मोजक्या नऊ प्रती ठरवल्या, प्रत्येक प्रतीची ओळख खोली आणि रंग पाहून शेतावर उभ्या माणसाला पटेल अशी ठेवली, आणि कनिष्ठाच्या मोजणीची वरिष्ठाने काही शेतांवर जाऊन फेरतपासणी करायची असा दंडक घातला. 1847 च्या संयुक्त अहवालात तीच पद्धत पक्की झाली आणि मुंबई इलाख्याचा सारा पिढ्यान् पिढ्या तिच्यावर चालला. हेतू परक्या सत्तेच्या वसुलीचा होता, त्याचा गौरव मला करायचा नाही. पण ज्या माहितीची शहानिशा करता येत नाही ती गोळा करून उपयोग नसतो, हे त्यांना दहा वर्षांत कळले. आपल्याला अजून उपग्रह, ड्रोन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची नावे घेतली की शहानिशा आपोआप होते असे वाटते.

एककाचेच पाहा. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी ठरली, वीस काठ्या औरस-चौरस म्हणजे बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. माप आधी, मोजणी नंतर. आज सातबारा हेक्टर-आरमध्ये आहे आणि गाव एकर-गुंठ्यात बोलते. गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1089 चौरस फूट, सुमारे 101 चौरस मीटर. आर म्हणजे नेमके 100. तोंडी व्यवहारात दोन्ही सर्रास एकच धरले जातात. एकरामागे हा फरक सत्तेचाळीस चौरस मीटरच्या आसपास जातो, म्हणजे पाचशे चौरस फूट. शहराला लागून असलेल्या गावात एवढ्या जागेवर घर उभे राहते, आणि भावाभावांची डोकीही फुटतात.

आता पीक पाहणीकडे येतो, कारण तिथे सगळ्यात सूक्ष्म चूक चालू आहे आणि सगळ्यात कमी चर्चा. नमुना 12 तलाठी भरत असे; अनेकदा चावडीत बसून, मागच्या वर्षीचेच पुढे ओढून. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि शेतकरी स्वतः मोबाइलवरून पीक नोंदवू लागला. ही सुधारणा मला मनापासून आवडते. आपल्या शेताची नोंद आपण करायची, यात मान आहे. पण या नोंदीवर आता काय काय टांगले आहे? हमीभाव केंद्रावर सोयाबीन घालायचे तर ही नोंद. विम्याचा दावा पडताळायचा तर ही नोंद. अतिवृष्टीच्या मदतीत हीच नोंद. जी नोंद आकडेवारीसाठी जन्मली, ती आता पैशाचा दरवाजा झाली. नोंदीचा वापर बदलला की तिच्यातला खरेपणाही बदलतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. खरीप 2023 पासून एक रुपयात पीक विमा आला तेव्हा, जमीन आपली नाही आणि पीक उभे नाही अशा ठिकाणी विमा उतरवल्याची प्रकरणे निघाली आणि 2025 मध्ये ती योजनाच गुंडाळावी लागली. तेव्हा दोन बाजू पुन्हा भांडल्या: एक म्हणे शेतकरी चोर, दुसरी म्हणे सेवा केंद्रवाले चोर. नमुना 12 ची ही नोंद आता कोणकोणत्या कामाला वापरली जाते आणि त्या प्रत्येक कामासाठी ती पुरेशी तपासलेली आहे का, हा प्रश्न मला कुठल्या चर्चेत ऐकू आला नाही.

यावर खात्यातल्या जाणत्यांचा आक्षेप असतो की व्याख्या आणि जबाबदाऱ्या लिहीत बसलो तर काम अडेल. पाऊस आणि कर्ज कुणासाठी थांबत नाही. हा आक्षेप पोकळ नाही. मी स्वतः मदतीची वाट पाहत बसलेला आहे. पण घाईचा हिशेब पूर्ण करा. वडिलांनी पीककर्ज फेडले, बेबाकी दाखला घेतला, तो जपून ट्रंकेत ठेवला. सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा अकरा वर्षे तसाच राहिला. बँक म्हणे आम्ही दाखला दिला, आमचे काम संपले. सज्जावर म्हणत, बँकेचे पत्र थेट आमच्याकडे यायला हवे, तुमच्या हातचा दाखला कसा धरायचा? सॉफ्टवेअर बदलले, तोच बोजा नव्या सॉफ्टवेअरमध्ये नीट टंकून आला. अकरा वर्षांत सात-आठ माणसांनी मिळून किती तास या एका ओळीवर घालवले असतील? कर्ज फिटल्याची खबर देणे बँकेचे काम की खातेदाराचे, आणि ती मिळाल्यावर किती दिवसांत ओळ कमी करायची, एवढे एक वाक्य दोन्ही दारांवर लावलेले असते तर ते तास वाचले असते. अशा ओळी आमच्या एकट्याच्या उताऱ्यावर नाहीत.

तीच गोष्ट तीन दारांची. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले जाते, नाव महसूल खात्याच्या नमुना 7 वर लागते, नकाशा आणि मोजणी भूमी अभिलेखकडे. तिन्ही वरती एकाच मंत्र्यापाशी मिळतात, खाली मात्र तिघांची क्षेत्रे तीन निघू शकतात: खतात एक, सातबाऱ्यात दुसरे, मोजणीत तिसरे. जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. म्हणजे चुकीची नोंदही खरी मानली जाते, आणि ती खोटी ठरवण्याचा भार ज्याचे नुकसान झाले त्याच्यावर. कायद्याने एवढे वजन दिलेल्या ओळीला सांभाळणारा कोण, हे विचारणे म्हणजे अडवणूक आहे का? काही जण यावर उपाय सांगतात की तिन्ही साठे एकाच मोठ्या साठ्यात ओता. मला ते पटत नाही. तीन न जुळणारे आकडे एका भांड्यात टाकले की ते जुळत नाहीत. फक्त कुठला कुणाचा होता ते कळेनासे होते. ते तीन जागी राहू द्या, पण कुठल्या कामासाठी कुठला आकडा अखेरचा, ते जाहीर करा.

सगळ्यात कडवा आक्षेप वेगळाच आहे. नोंदी धूसर राहण्यात कुणाचा तरी फायदा आहे. ज्यांच्या हातात दुरुस्ती आहे ते व्याख्या लिहून स्वतःचे हात का बांधून घेतील? जमिनीच्या व्यवहारात पिढ्या गेलेल्या माणसांकडून मी हे ऐकले आहे आणि त्यांना खोटे पाडण्याएवढे माझ्याकडे काही नाही. मी एवढेच म्हणतो की धूसरपणा कुठल्या ओळीत आहे ते दाखवता आल्याशिवाय त्याच्याशी लढता येत नाही. "तलाठी पैसे खातो" ही तक्रार कुठेच पोचत नाही. "या नोंदीची मुदत पंधरा दिवस होती, जबाबदारी मंडळ अधिकाऱ्याची होती, आज चाळिसावा दिवस आहे" ही तक्रार पोचते. माहिती अधिकाराचा कायदा वापरणाऱ्यांना हा फरक चांगला ठाऊक आहे.

आणि लिहून ठेवले नाही तर काय होते? 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा कागद होते. महसुली दप्तरात होते, शाळांच्या रजिस्टरांत होते, जन्म-मृत्यूच्या नमुना 14 मध्ये, ज्याला गाव कोतवाल बुक म्हणते, तिथे होते. मराठा आरक्षणाबद्दल कुणाचे काहीही मत असो. ती मोडी आणि उर्दू पाने वाचणारी माणसे शोधत फिरावे लागले, एवढे सगळ्यांनी पाहिले. कागद राहिला, वाचणारा सुटला. आजच्या रकान्यांचे संक्षेप, संकेतांक आणि "इतर" नावाच्या खणात कोंबलेल्या हजार गोष्टी यांची किल्ली लिहिली नाही, तर पन्नास वर्षांनी आपली टंकलेली माहिती मोडीपेक्षा अवघड होईल. मोडी निदान शिकता तरी येते.

काम अवाढव्य नाही. नमुने 21 आहेत. त्यातल्या प्रत्येक रकान्यापुढे साध्या मराठीत लिहायचे: याचा अर्थ काय, हे कुठून येते, बरोबर असल्याची हमी कुठल्या पदाची, कोणकोणत्या योजना हे वापरतात, चुकले तर अर्ज कुणाकडे आणि किती दिवसांत. विमा किंवा खरेदी केंद्राने एखादी नोंद नाकारली तर ती नाकारल्याची खबर परत सज्जापर्यंत आलीच पाहिजे. आज ती शेतकऱ्याच्या मोबाइलवर येते आणि तिथेच संपते. एका तालुक्यात सुरुवात करा, इंदापुरातच करा हवी तर. आणि मग चावडी वाचन करा. 2017 मध्ये संगणकीकृत सातबारे गावोगाव वाचून दाखवायची मोहीम झाली होती. माझ्या मते माहिती तपासण्याची इतकी चांगली रीत आपल्याकडे दुसरी नाही, आणि ती आपल्याच चावडीतली आहे. पण त्या दिवशी आमच्या गावी नावे आणि क्षेत्रे भराभर वाचली गेली, आणि ज्याला आपले नाव ऐकू आले तो समाधानाने उठला. ज्यांचे नाव त्या यादीत कधीच नव्हते, त्या बायका सभेला आल्या नव्हत्या, आणि त्यांना बोलवायचे कुणाला सुचलेही नाही.

2025 मध्ये मयत खातेदारांच्या वारसांची नावे लावण्यासाठी जिवंत सातबारा मोहीम निघाली. आम्ही ट्रंकेतला हस्तलिखित उतारा काढला, ए.कु.मॅ. च्या अक्षरांखाली पेन्सिलने रेघ मारली आणि अर्जाला जोडला. सज्जावरच्या ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीच्या भाषेत तलाठी, बाई तरुण होत्या, मन लावून काम करणाऱ्या. त्यांनी तो उतारा बराच वेळ पाहिला आणि विचारले, "काका, याचा अर्थ काय होतो?" मी सांगितला. त्यांनी तो आपल्या वहीत लिहून घेतला. धाकट्या आत्याचे नाव आता लागले आहे. मधलीच्या मुलांचे कागद चालू आहेत. थोरली त्याआधीच गेली.